मिस्त्रींचा कान

"हसणार नसाल तर पोतं सोडतो," शिडी म्हणाला.

"काय?"

"हसू नका म्हटलं!"

"अरे, सोड तर खरं. हसायचं की रडायचं ते मग बघू," असं म्हणून मिस्त्रींनी स्टूल पुढे ओढलं.

शिडीने पोत्याची सुतळी सोडली आणि दुकानाच्या फरशीवर जे काही ठेवलं, ते बघून मागच्या पायरीवर एका चेनवर कानस चालवत बसलेल्या मिस्त्रींच्या बायकोचा, काकूंचा, हात थांबला. चेनसॉ मशीनच होतं ते, पण हल्लीच्या मशीनसारखं सुटसुटीत प्लॅस्टिकचं नव्हतं. सगळं अंग धातूचं, रंग जागोजाग उडालेला, हँडलला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. धूर जिथून बाहेर पडायचा त्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं ऐसपैस घर बांधलं होतं. चेन गंजून, ती जिच्यावरून फिरते त्या लोखंडी पट्टीला चिकटली होती.

"सासऱ्यांचं आहे," शिडी म्हणाला. "पंचवीस वर्षं माळ्यावर पडलं होतं. खाली उतरवायला दोन माणसं लागली."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मशीन एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या बाजूने पाहिलं, बोटाने मातीचं घर फोडून टाकलं आणि एखाद्या पाहुण्याची विचारपूस करावी तसं म्हणाले, "कुठे होतात एवढे दिवस?"

या माणसाला शिडी का म्हणत, हे त्याला बघितल्यावर सांगावं लागत नसे. झाडाच्या खालच्या फांद्या तो जमिनीवर उभा राहूनच कापायचा. झाडं तोडणाऱ्या टोळीत पंधरा वर्षं काढलेला गडी, चाळिशीला टेकलेला. त्याची बायकोसुद्धा त्याला शिडीच म्हणायची.

"चालू होईल?" त्याने विचारलं. "हे चालू झालं ना मिस्त्री, तर माझी मी कामं घेईन. एकट्याने. आता टोळीत कुणी मला मशीनला हात लावू देत नाही. ठेकेदाराने सगळीकडे सांगून ठेवलंय की हा माणूस पेट्रोलमध्ये ऑइल टाकायला विसरतो." त्याने रिकाम्या पोत्याची घडी करून बाजूला ठेवली. "याचे पार्ट कुठे मिळत नाहीत म्हणतात. हे एकदा बसलं की बसलंच."

मिस्त्री मशीनच्या पोटात डोकावत होते. त्यांनी यातलं निम्मं तरी ऐकलं की नाही कोण जाणे. काकूंनी मात्र सगळं ऐकलं. त्यांनी मान खाली घातली आणि कानस पुन्हा चेनच्या दाताला लावली, पण कितवा फराटा चालला होता ते त्यांना आठवेना.

हे असं काकूंचं कधी होत नसे. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक दार, आणि त्या दाराच्या पायरीवर काकू, हा चौतीस वर्षांचा बंदोबस्त होता. गावातल्या लोकांना वाटे, चेनला धार लावावी तर मिस्त्रींनीच. धार काकू लावत. गोल कानस घेऊन प्रत्येक दाताला बरोबर तीन फराटे. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला एखादा फराटा जास्त झाला तर मशीन लाकडात सरळ जात नाही, तिरकं पळतं. म्हणून फराटे मोजताना काकू कुणाशी बोलत नसत. घराला आग लागली असती तरी हातातला दात पुरा करूनच त्या उठल्या असत्या. गिऱ्हाईक धारेचं कौतुक करू लागलं की मिस्त्री म्हणत, "धार माझी नाही, आतली आहे." गिऱ्हाइकाला वाटे, काय नम्र माणूस आहे.

मिस्त्रींचं स्वतःचं नाव होतं ते कानाचं. मशीन नीट चालत नसलं की लोक एकमेकांना सांगत, "कानवाल्या मिस्त्रींकडे घेऊन जा." त्यांच्याकडे मीटर नव्हतं, काटा नव्हता. मशीन पूर्ण रेसवर धरायचं, पेट्रोल कमी-जास्त सोडणारा कार्बोरेटरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा आणि ऐकायचं. अशा मशीनचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी सोडलं की ऑइलही कमी पडतं. मग मशीन बारीक, उंच आवाजात किंचाळत पळतं, नवख्याला वाटतं की वा, काय जोर आहे! पण आत सगळं कोरडं पडत असतं, आणि तासा-दोन तासांत पिस्टन जाम होऊन मशीन कायमचं बसतं. नीट लावलेलं मशीन रिकामं पळताना थोडं जाड वाजतं, जरासं घरघरतं, आणि लाकडात शिरलं की ती घरघर निघून जाते. दोन्हींमध्ये स्क्रूचा फरक म्हणाल तर नखाएवढा.

हा कान तीन वर्षांपासून उतरत चालला होता. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या. मग फोनची रिंग गेली. मुलगी परगावाहून फोनवर म्हणाली, "आई, बाबांना फोन देऊच नकोस. मी काहीही बोलले तरी ते फक्त हो हो करतात." लग्न झाल्यापासून काकू नवऱ्याला 'अहो, ऐकलंत का' अशीच हाक मारत आल्या होत्या, आता ती हाक मारायचीही चोरी झाली. तसं मिस्त्रींना अगदीच ऐकू येत नसे असं नव्हतं. जाडे आवाज येत. ट्रक यायचा, हातोडा यायचा, शेजाऱ्याचं खोकणं यायचं. बारीक आवाज तेवढे गेले होते. म्हणून मिस्त्रींना स्वतःला काही कमी झाल्यासारखं वाटतच नव्हतं. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, एवढीच त्यांची तक्रार होती.

सात महिन्यांपूर्वी ठेकेदाराचं कोरं मशीन सर्व्हिसिंगला आलं होतं. मिस्त्री दुकानापुढे ते पूर्ण रेसवर धरून स्क्रू फिरवत होते. त्यांच्या कानाला उरलेली घरघर तेवढी ऐकू येत होती, म्हणून त्यांना वाटत होतं पेट्रोल अजून जास्तच आहे. ते पेट्रोल कमी करत गेले. मागे पायरीवर काकूंनी कानस बाजूला ठेवून मान वर केली. मशीन किंचाळत होतं. चौतीस वर्षं रोज तो आवाज ऐकून काकूंच्या कानाला न शिकवताच सगळं कळत होतं. त्यांना फक्त कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं, आता थांबतील. मग वाटलं, काहीतरी हिशेब असेल त्यांचा. मग मशीन बंद झालं, गिऱ्हाईक गेलं आणि काकू तोंडातून चकार शब्द न काढता पुढचा दात घासू लागल्या.

दुपारी मशीन जाम होऊन परत आलं. चालवत होता शिडी. मिस्त्रींनी सिलिंडर उघडला, पिस्टनवरचे ओरखडे बघितले आणि म्हणाले, "ऑइल नव्हतं पेट्रोलमध्ये." अगदी खरं समजून म्हणाले. शिडी मुलांची शपथ घेऊन सांगत होता की ऑइल टाकलं होतं, मापाने टाकलं होतं. पण मिस्त्रींनी सांगितलं म्हटल्यावर शिडीचं कोण ऐकणार? ठेकेदाराने त्याला त्याच दिवशी काढलं. काकूंनी सगळ्यांना पाणी आणून दिलं, रिकामे पेले आत नेले, आणि गप्प बसल्या. त्या पेल्यांतला एक हातातून सुटून फुटला, तेवढाच काय तो आवाज त्यांनी केला.

आता तोच शिडी दुसऱ्या कुणाला हे मशीन जमणार नाही म्हणून मिस्त्रींच्याच दारात आला होता.

मिस्त्रींच्या अंगात मात्र वारं भरलं होतं. असलं मशीन त्यांनी उमेदवारीच्या दिवसांत एकदाच हाताळलं होतं. प्लगच्या भोकातून त्यांनी चार थेंब ऑइल सोडलं, दोरी हळूच ओढून पिस्टन खालीवर केला, आणि मग दोरीची मूठ धरून अख्खं मशीन जमिनीवरून उचललं. आतलं इंजिन झिजलेलं असतं तर मशीन दोरीवरून सरसर खाली आलं असतं. ते लोंबकळत राहिलं. मग एक आचका देऊन चार बोटं खाली उतरलं आणि पुन्हा थांबलं.

"दम आहे!" मिस्त्री ओरडले. "अगं, बघ, दम आहे अजून!"

ठिणगी मात्र येत नव्हती. चाक काढलं तर आतले पॉइंट हिरवे पडलेले. मिस्त्रींनी ते अगदी बारीक पॉलिश पेपरने घासले, पत्ती घालून फट मोजली, पुन्हा घासले, पुन्हा मोजली. कार्बोरेटरमधले रबरी पडदे पत्र्यासारखे कडक झाले होते आणि नवे कुठून मिळणार? पातळ रबरी कापडावर जुना पडदा ठेवून त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या आणि ब्लेडने कापायला बसले. एक फाटला, दुसरा किंचित मोठा झाला, तिसरा मनासारखा बसला. पेट्रोलची नळी विरघळून डिंक झाली होती, ती खरवडून काढली. क्रँकच्या सीलमधून हवा आत शिरत असणार म्हणून तेही सोडलं नाही. बेअरिंगच्या दुकानात जाऊन मापाचं शोधून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लग सिलिंडरवर टेकवून त्यांनी दोरी ओढली आणि पुन्हा हाक आली, "अगं, ये लवकर! निळी आहे, निळी!"

काकू हात पुसत आल्या. प्लगच्या टोकाला टिकलीएवढी निळी ठिणगी पडत होती आणि सहासष्ट वर्षांचा माणूस फरशीवर मांडी घालून ती बघत होता. अशा वेळी काकूंना हा माणूस फार आवडे. लग्नाच्या वेळी आवडला होता त्याहून जास्त, हेही त्या कबूल करत, स्वतःशी. म्हणूनच तर तोंड उघडत नव्हतं.

चेन काकूंकडे होती. दिवसभर डिझेलमध्ये बुडवून ठेवली तेव्हा तिचे सांधे हलू लागले. दात मोठे, आताच्या चेनच्या दीडपट, आणि दोन दातांची टोकं उडालेली. अशा वेळी सगळ्यात आखूड दात शोधायचा आणि बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणायचे. काकूंनी दोन दिवस ते काम केलं. हात दातावर आणि डोकं भलतीकडेच. मशीन आज-उद्या चालू होणार. चालू झालं की मिस्त्री ते पूर्ण रेसवर धरणार. मग स्क्रू. मग हे मशीनही जाम होणार, याला पार्ट नाहीत, आणि लोक म्हणणार, शिडी तो शिडीच, पुन्हा ऑइल विसरला.

चौथ्या दिवशी ऊन कलल्यावर शिडी आला. मिस्त्रींनी मोठ्या थाटात त्याला सगळं समजावलं. "हे बटण बघ. या मशीनमध्ये चेनला तेल आपोआप जात नाही. कापताना अंगठ्याने दाबत राहायचं. विसरलास तर पट्टी जळेल. काम झालं की फिल्टर झटकायचा, पट्टी उलटी करून लावायची म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. आणि टाकीत पेट्रोल ठेवून माळ्यावर टाकायचं नाही, कळलं? सासऱ्यांना सांग माझा निरोप."

"सासरे गेले, मिस्त्री."

"चांगलं आहे," मिस्त्री म्हणाले आणि दोरी ओढली.

शिडीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर चुकवली.

पाचव्या ओढीला मशीन खोकलं. आठव्या ओढीला त्याने पांढऱ्या धुराचा लोट सोडला, दोन-चार आचके दिले आणि चालू झालं. पंचवीस वर्षांनी! शेजारचा शिंपी काम टाकून दारात आला. शिडी तोंड उघडं टाकून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याला कळलंही नव्हतं. मिस्त्रींनी मशीन तापू दिलं, मग रेस वाढवली, आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

काकू पायरीवर उठून उभ्या राहिल्या. मशीन जाड वाजत होतं. स्क्रू फिरला, घरघर कमी झाली. अजून थोडा फिरला. इथे, आत्ता, काकूंना वाटलं, बरोबर इथे. मिस्त्रींनी मान तिरकी केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि स्क्रू आणखी फिरवला. आवाज चढला, पातळ झाला, आणि किंचाळू लागला.

काकू चार पावलांत दुकानात पोचल्या आणि त्यांनी मशीनचं बटण खाली पाडलं. मशीन बंद झालं.

चौतीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर त्यांनी मशीनला बोट लावलं नव्हतं. मिस्त्री आधी मशीनकडे, मग काकूंच्या हाताकडे बघत राहिले.

"काय झालं? काय तुटलं?"

"काही तुटलं नाही," काकू म्हणाल्या. मग शिडीकडे वळून म्हणाल्या, "तू उद्या सकाळी ये. थोडं काम राहिलंय."

शिडीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला काही कळलं नाही असं नाही. तो वाकून दारातून बाहेर पडला आणि शिंप्यालाही बरोबर घेऊन गेला.

"पेट्रोल कमी पडत होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"पेट्रोल कमी पडत होतं!"

मिस्त्री हसले. "अगं, जास्त आहे अजून. घरघर ऐकू येत नाही का तुला?"

"मला घरघरही येते आणि वरचं किंचाळणंही येतं. तुम्हाला वरचं येत नाही. कुकर येत नाही, फोन येत नाही, पोरगी काय बोलते ते येत नाही. शिडीने मघाशी सांगितलं की सासरे गेले. तुम्ही म्हणालात, चांगलं आहे."

मिस्त्रींचं हसू गेलं.

"आणि ठेकेदाराचं मशीन," काकू म्हणाल्या. आता थांबल्या असत्या तर पुन्हा कधीच बोलल्या नसत्या. "तेही असंच किंचाळत होतं. मी ऐकलं होतं."

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर स्टुलावर ठेवला. मग म्हणाले, "तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमच्या कानाला कुणी कधी चूक म्हटलं नव्हतं. मी कोण म्हणणारी, असं वाटलं. आणि मग वाटलं, कळलं तर तुम्ही हातात हत्यार धरणार नाही. घरात बसून राहाल." काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. "मी तुमची अब्रू राखली आणि त्याचं काम घालवलं. पाप तुमचं नाही, माझं आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"तुला काय कळतं त्यातलं," मिस्त्री म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले की ते रागावलेले नाहीत, घाबरलेले आहेत हे काकूंना कळलं. त्या आत निघून गेल्या.

थोड्या वेळाने दुकानापुढून आवाज आला. काकू खिडकीशी गेल्या. मिस्त्रींनी शिडीच्या मशीनला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या वस्तूवर ते असले खेळ करत नसत. त्यांनी स्वतःचं जुनं मशीन काढलं होतं. त्यात नवा प्लग घातला, स्वतःच्या कानाने स्क्रू लावला आणि अंगणातल्या ओंडक्यात पट्टी घालून कापत राहिले. मग एकदम मशीन बंद करून प्लग काढला आणि उजेडात धरून बघितला.

"अगं," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. आता तू लाव."

काकूंनी कानशीच्या सवयीच्या हाताने स्क्रू ड्रायव्हर धरला. आवाज जाड होऊ दिला, मग थोडा कमी केला, आणि जिथे थांबावंसं वाटलं तिथे थांबल्या. मिस्त्रींनी दुसरा नवा प्लग घातला आणि तेवढाच वेळ तोच ओंडका कापला.

दोन्ही प्लग त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले. काकूंचा विटकरी होता, पेट्रोल बरोबर मिळालं की होतो तसा. मिस्त्रींचा खडूसारखा पांढराफटक, भाजून निघालेला. तेवढ्या कापण्यात ते जुनं मशीन वाचलं हेच नशीब.

मिस्त्रींनी मग खालचा खण उघडून ठेकेदाराच्या मशीनचा जुना पिस्टन काढला. तो त्यांनी टाकला नव्हता. चांगला धातू कुणी टाकत नाही. ते तो बोटांत फिरवत राहिले.

"ऑइल नसतं तर चहूबाजूंनी ओरखडे आले असते," ते म्हणाले. "हे एकाच बाजूला आहेत. धुराच्या तोंडाच्या बाजूला. म्हणजे पेट्रोल कमी. शिकाऊ माणसालासुद्धा कळतं हे. मी त्या दिवशी बघितलं होतं, आणि तरी ऑइलच म्हणालो. कारण पेट्रोल कमी असेल तर ते मीच कमी केलेलं असणार, आणि ते तर शक्यच नव्हतं."

काकूंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"नको," मिस्त्री म्हणाले. "आता तू नको बोलूस. खूप झालं एका दिवसात." पण काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो त्यांनी झटकला नाही.

सकाळी शिडी आला तेव्हा मिस्त्री धुतलेला शर्ट घालून तयार होते. काकूंच्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर होता.

"मशीन लाकडात लावायला लागेल," मिस्त्री म्हणाले. "मोठं लाकूड हवं. ठेकेदाराचं काम कुठे चाललंय?"

"शाळेच्या आवारात," शिडी म्हणाला. "पण तिकडे नको, मिस्त्री."

"तिकडेच."

शिडीने ते धूड खांद्यावर घेतलं आणि तिघं निघाले. आवारात एक म्हातारं झाड आडवं पडलं होतं, बुंधा माणसाच्या कमरेएवढा उंच. टोळीतले चौघे त्याला टेकून चहा पीत होते. ठेकेदार माणूस वाईट नव्हता, तापट होता. शिडीला बघून त्याने कप खाली ठेवला.

मिस्त्री सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हल्ली त्यांचं बोलणं त्यांच्याही नकळत मोठ्याने होई, त्यामुळे हळूच कानात सांगून मोकळं होण्याची सोय नव्हती. ते बोलले ते शाळेच्या फाटकापर्यंत पोचलं.

"सात महिन्यांपूर्वी तुझं मशीन जाम झालं, ते माझ्यामुळे. याने ऑइल टाकलं होतं. मी पेट्रोल कमी लावलं होतं. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे. या माणसाची काही चूक नव्हती."

चौघांचे कप हातातच राहिले. शिडी खांद्यावरचं मशीन खाली ठेवायचं विसरला. काकूंना वाटलं, पुढे जाऊन सांगावं की मीही ऐकलं होतं आणि बोलले नाही. त्या एक पाऊल पुढे आल्या, तेवढ्यात मिस्त्रींनी मागे न बघताच हात आडवा केला. हे ओझं त्यांना एकट्याने उचलायचं होतं.

"मिस्त्री," ठेकेदार शेवटी म्हणाला, "अहो, त्यासाठी इथवर कशाला यायचं? फोनवर सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"काय?"

ठेकेदाराने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"फोनवर मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले.

कुणी हसलं नाही. ठेकेदार शिडीकडे वळला. त्याला बोलायला जड जात होतं, हे दिसत होतं. "मग ये उद्यापासून."

"सात महिने झाले, ठेकेदार," शिडी म्हणाला. एवढंच. पण ते त्याने मान वर करून म्हटलं, आणि त्याची मान वर असली की समोरच्यालाही वर बघावं लागायचं. मग खांद्यावरचं मशीन खाली ठेवत तो म्हणाला, "येईन. पण माझं मशीन घेऊन येईन. दुसऱ्याच्या मशीनला हात लावणार नाही."

"ते चालतं का?"

"बघ की," मिस्त्री म्हणाले.

बुंध्याजवळ मशीन ठेवून त्यांनी दोरी ओढली. दुसऱ्याच ओढीला ते चालू झालं. शिडीने पट्टी बुंध्याला लावली आणि अंगठ्याने तेलाचं बटण दाबत राहिला. लाकडाचे मोठे मोठे सोललेले तुकडे त्याच्या पायांवर उडू लागले. भुसा नव्हे, तुकडे. धार कुणाची होती ते टोळीला ठाऊक नव्हतं. काकू वाकल्या आणि स्क्रूवर हात ठेवला. चार धट्टेकट्टे गडी चहाचे कप धरून बघत होते की चष्मा लावलेली एक बाई चालत्या मशीनच्या अंगाशी वाकून काय करते आहे. काकूंना ते दिसत नव्हते. त्या ऐकत होत्या. थोडं जास्त. थोडं कमी. पट्टी बाहेर काढून रिकामं पळवायला सांगितलं, पुन्हा लाकडात घालायला लावलं. मग त्यांनी हात काढून घेतला.

मिस्त्रींनी मशीनच्या अंगाला तळहात टेकवला होता. त्यांची नजर मशीनवर नव्हती, सगळा वेळ काकूंच्या चेहऱ्यावर होती.

"मग आता आमची मशीनं कोण लावणार?" ठेकेदाराने काकूंना विचारलं. काकूंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी त्याचे ओठ बघितले असावेत.

"उघडणार मी," ते म्हणाले. "ऐकणार ही."

शिडी बुंधा कापत होता. पट्टी सरळ खाली चालली होती, रेघ आखल्यासारखी. मिस्त्री थोडा वेळ बघत उभे राहिले. मग ते काकूंच्या अगदी जवळ आले आणि त्यांनी विचारलं, "कसं वाजतंय?"

काकूंना कधी कुणी हे विचारलं नव्हतं. त्यांनी मिस्त्रींच्या कानाशी तोंड नेलं.

"खालचा जाडा आवाज येतोय ना तुम्हाला?"

"येतोय."

"त्याच्या वर एक बारीक आहे. सरळ जातोय. कुठे फाटत नाही, कुठे चढत नाही. लाकडात शिरलं की दोन्ही एक होतात."

मिस्त्रींनी मान तिरकी केली, पूर्वी करत तशीच, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. बुंधा तुटून दोन भाग झाले तरी ते तसेच उभे होते.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले.